लॅपटॉपमधून आवाज येतोय? स्क्रू उघडायच्या आधी हे करून बघा

ताईचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. "अरे, ह्याचा लॅपटॉप परत आवाज करायला लागलाय."

परत म्हणजे तिसऱ्यांदा. दोन महिन्यांत भाच्याच्या लॅपटॉपचा पंखा साफ करून झाला होता, नवा चार्जर घेऊन झाला होता आणि शेवटी एका दुरुस्तीवाल्याने "मदरबोर्ड जायच्या मार्गावर आहे" असं सांगून पाच आकडी रक्कमही कागदावर लिहून दिली होती.

"आवाज कसा येतो?" मी विचारलं.

"कसा म्हणजे... फोडणीत मोहरी टाकल्यावर होतो ना, तसा."

मी हसलो. ताई, लॅपटॉपला फोडणी कोण घालतं, असं काहीतरी बोलूनही गेलो. तिथे न हसता ऐकून घेतलं असतं तर माझी नाशिक-चिंचवड खेप वाचली असती.

आवाजांसाठी शब्द म्हणाल तर मराठीत काही कमी नाहीत. घरघर वेगळी, खरखर वेगळी, टकटक वेगळी, करकर तर अगदीच वेगळी. तरी लॅपटॉप दुकानात नेला की आपण नुसतं "आवाज येतोय" एवढंच सांगतो. समोरचाही मग खालचं झाकण उघडतो, पंखा पुसतो, पैसे घेतो. आठ दिवसांनी आवाज हजर. म्हणून मी आताशा आवाज कशाचा आहे हे ओळखण्याच्या फंदात आधी पडतच नाही. तो कशाने थांबतो, हे शोधतो. थांबवणारी गोष्ट सापडली की आवाज करणारी तिच्या आसपासच असते.

आधी पाच मिनिटांची तपासणी

पहिली गोष्ट, आवाज म्यूट करा. त्याने थांबला तर प्रश्न स्पीकरचा किंवा सॉफ्टवेअरचा, तुम्ही अर्धं मैदान मारलं. पण म्यूट केल्यावरही स्पीकरमधून बारीक सळसळ येत राहू शकते, म्हणून जोडीला इअरफोन लावून बघा. आवाज इअरफोनमध्ये सरकला तर तो स्पीकरच्या वाटेवरचाच.

दुसरी, लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) पडद्यावर नेऊन तसाच पाच मिनिटं ठेवा. इथे विंडोज नाही, अँटिव्हायरस नाही, ब्राउझर नाही. इथेही आवाज येत असेल तर कुठलाही ड्रायव्हर अपडेट करण्यात वेळ घालवू नका.

तिसरी, जुन्या वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं लॅपटॉपच्या कडेने हळूहळू फिरवा. दिसायला हास्यास्पद, पण कामाचं. नुसता कान आपल्याला फसवतो. लॅपटॉपचं अंग पोकळ असतं, खालचं टेबलही बहुधा पोकळ असतं, आणि डाव्या कोपऱ्यातला आवाज सगळ्या टेबलातून घुमतो.

चौथी, चार्जर काढून बॅटरीवर चालवा. ह्या चाचणीवर मी पूर्वी फार विसंबायचो. का विसंबू नये ते शेवटी कळेल.

पंखा

बहुतेक तक्रारी इथेच संपतात. एकसारखी घरघर, जी काम वाढलं की वाढते, ती गरम झाल्याची. पंखा आपलं काम करतोय, त्याला दोष देऊ नका. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर कोण खातंय ते बघा. काहीही सुरू नसताना पंखा सुसाट असेल तर विंडोज अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी किंवा ब्राउझरमधली विसरलेली टॅब सापडते. आणि लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवत असाल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात. ते तोंडच तुम्ही गोधडीने बंद केलेलं असतं.

धूळ साचते ती पंख्याच्या पात्यांवर कमी आणि त्याच्या पुढच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, जाळीवर जास्त. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, कारण आतल्या बाजूने धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू मिळून नमद्यासारखा थर बनलेला असतो. पंखा सोडवला की तो थर नखाने अख्खाच्या अख्खा सुटून येतो. गाळणीत चहाचा चोथा साचतो तसा. ब्लोअर वापरत असाल तर आधी पात्यांत टूथपिक अडकवून पंखा स्थिर ठेवा. हवेच्या झोताने तो त्याच्या कमाल वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. साफ करताना गंमत म्हणून पंखा गरगर फिरवणारे लोक मी पाहिलेत, आणि महिन्याभराने तेच खरखर घेऊन परत आलेले.

खरखर म्हणजे बेअरिंग. ओळख सोपी आहे: सकाळी थंड लॅपटॉप सुरू केला की खरखर होते, दहा मिनिटांनी कमी होते, आणि लॅपटॉप थोडा तिरका धरला की सूर बदलतो. (आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर चालू लॅपटॉप तिरका करताना हलक्या हाताने करा, झटका नको.) तेलाचा थेंब टाकून काही दिवस शांतता मिळते, पण तेल उडतं, धूळ धरतं आणि मग दुप्पट आवाज येतो. पंखा बदला. मॉडेल नंबर बघून मागवा, कारण दिसायला सारखे असले तरी कनेक्टर वेगळे निघतात.

शंका उरली तर एक हिशेब करता येतो. फोनवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेलं. त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला सूर किती जोरात आहे त्याचा आलेख, दिसतो. समजा पंखा मिनिटाला ४८०० फेरे घेतोय, म्हणजे सेकंदाला ८०. पाती ३१ असतील तर ८० गुणिले ३१, म्हणजे २४८० हर्ट्झच्या आसपास एक सुळका दिसायला हवा. पंख्याचा वेग उतरला की सुळकाही डावीकडे सरकतो. पंखा बंद झाल्यावरही सुळका जागचा हलत नसेल तर पंखा निर्दोष.

हार्ड डिस्क, असली तर

आधी ती आहे का बघा. एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) असलेल्या लॅपटॉपमध्ये "हार्ड डिस्क टकटक करतेय" म्हणून पैसे घेतल्याचं मी ऐकलंय. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कच्या नावाखाली एसएसडी की एचडीडी (फिरणारी हार्ड डिस्क) ते लिहिलेलं असतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती टकटक करू शकत नाही.

एचडीडी असेल तर जरा सावध व्हा. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, सेकंदाला ९०, आणि तिचं वाचणारं डोकं तबकडीपासून केवळ काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. काम नसलं की हे डोकं बाजूच्या उतरणीवर जाऊन विसावतं आणि तेव्हा एक हलकं "टक्" येतं. एखाद-दुसरं टक्, मग शांतता, हे नेहमीचं. काळजी करायची ती तालातल्या टकटकीची: टक्, टक्, टक्, मग तबकडी थांबल्यासारखी, मग पुन्हा फिरून टक्, टक्, टक्. डोकं वाचायला जातंय, जमत नाहीये, परत येतंय.

असं ऐकू आलं की पहिलं काम तपासणी नाही. पहिलं काम फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवणं. डिस्क तपासण्याचं साधन सुरू करून रात्रभर सोडून देऊ नका, मरायला टेकलेल्या डिस्कला अख्खी वाचायला लावणं म्हणजे शेवटचा घाव. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो, तोही ऐकू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशा जाते.

डेटा बाहेर निघाला की मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या साधनाने डिस्कची पत्रिका बघा. ०५, सी५ आणि सी६ ह्या तीन ओळींपुढचा शेवटचा आकडा शून्य असणं चांगलं. पहिली ओळ खराब म्हणून बदललेल्या जागांची, दुसरी संशयित जागांची, तिसरी वाचताच न आलेल्या जागांची. आकडे तिथे मुळात षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणून ए किंवा एफ दिसलं तर बिचकू नका. पण सी५ दर आठवड्याला वाढत असेल तर नवी डिस्क घ्या, आणि घेताय तर एसएसडीच घ्या.

विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये एक किस्सा लिहिला होता: एक लोकप्रिय गाणं लावलं की काही जुने लॅपटॉप बंद पडायचे, आणि शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपसुद्धा. त्या गाण्यातला एक सूर ५४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने मग तेवढा सूर गाळणारी चाळणीच आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवली. आवाज लॅपटॉपमधून बाहेर येतो तसा आतही जातो.

सुंई...

हा आवाज मला ऐकू येत नाही, भाच्याला येतो. वय वाढतं तसे वरचे सूर कानातून निसटतात, त्यामुळे मूल म्हणतंय "आवाज येतोय" आणि बाप म्हणतोय "काही नाही" तेव्हा मुलावर विश्वास ठेवा.

चार्जरमधून येणाऱ्या १९-२० व्होल्टचे प्रोसेसरसाठी साधारण एक व्होल्ट करायचे असतात. हे काम मदरबोर्डवरच्या तारेच्या गुंडाळ्या करतात. त्यांना मिळणारी वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते. हा वेग कानाच्या पलीकडचा. पण प्रोसेसर झोपतो-उठतो, ग्राफिक्स कार्ड एकेक चित्र काढतं, तेव्हा ह्या प्रवाहाची मागणी कानाला ऐकू येईल अशा वेगाने वरखाली होते, आणि गुंडाळी थरथरते. शेजारचे सिरॅमिक कपॅसिटरही गातात. त्यांतलं बेरियम टायटनेट विजेच्या दाबाने किंचित फुगतं-आकसतं आणि बोर्डाला ढोलकीच्या चामड्यासारखं हलवतं.

ओळख: पान वरखाली सरकवलं की सुंई बदलते. किंवा गेमच्या नुसत्या मेन्यूत सर्वांत जास्त येते, कारण तिथे चित्रं सोपी असतात आणि ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकड्यांनी काढत सुटतं. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं ते) ६०वर बांधून टाका, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. प्रोसेसरपायी होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरची जादा धाव, बंद पडतो, थोडा वेग जातो, सूर बदलतो. ह्या आवाजाने लॅपटॉप बिघडत नाही. कानाला त्रास, बाकी काही नाही.

स्पीकरमधले

गाणं सुरू होताना किंवा थांबल्यावर काही सेकंदांनी "पट्" होतं ते आवाजाची चिप वीज वाचवायला झोपते म्हणून. निरुपद्रवी आहे. साउंड ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घातला की बऱ्याचदा जातं.

गाणं मध्येच तुटून चरचरत असेल आणि वायफाय बंद केल्यावर थांबत असेल तर तो ड्रायव्हरचा गोंधळ. एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो आणि आवाजाला वेळेवर माल मिळत नाही. लेटन्सीमॉन नावाचं साधन त्या ड्रायव्हरचं नाव सांगतं.

आजोबांचा बटणांचा फोन लॅपटॉपशेजारी ठेवलाय आणि कॉल यायच्या आधी स्पीकरमधून "टडट टडट टर्रर्र" येतं? टूजी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांत बोलतो, त्याची ती चाहूल. फोन हातभर लांब ठेवा.

बाहेरचा स्पीकर किंवा प्रोजेक्टर जोडल्यावर खर्जातला "हम्म" येत असेल आणि चार्जर काढताच जात असेल तर अर्थिंग बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तो सूर तिचाच. लॅपटॉपचं अंग धातूचं असेल आणि हात फिरवल्यावर मुंग्या येतात असं वाटत असेल तर जवळपास खात्रीच: थ्री-पिनची वरची जाड पिन कुणीतरी टू-पिनच्या अडॅप्टरमध्ये बेवारस सोडलेली असते, किंवा भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगची तारच नसते. ते काम लॅपटॉपवाल्याचं नाही, वायरमनचं.

आणि मध्येच कारण नसताना "टुंग" वाजतं, मग उलटं "टुंग"? यूएसबीला लावलेलं काहीतरी सैल आहे, सुटतंय आणि परत जोडलं जातंय. एकेक काढत जा. एका काकांच्या लॅपटॉपला मात्र काहीच जोडलेलं नव्हतं आणि तरी बीप यायचा. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की विंडोज फिल्टर कीज सुरू करायला विचारतं आणि बीप वाजवतं. काका वाचताना तळहात त्याच कोपऱ्यावर टेकवून बसायचे.

करकर: इथे थांबा

झाकण उघडताना बिजागरी करकरते ते वेगळं. पण लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो, टचपॅड दाबलं जात नाही किंवा वर आलंय, कडेची फट रुंदावलीय आणि दाबल्यावर करकर होते, तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग ताबडतोब बंद. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका, झाकण ओढूनताणून बंद करू नका. लॅपटॉप शटडाउन करून दुकानात द्या आणि बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे.

मोहरी

तर चिंचवड. शनिवारी गेलो. लॅपटॉप गेमिंगचा, एसएसडीवाला, तेव्हा डिस्क बाद. भाच्याने गेम लावला आणि तीनेक मिनिटांत आवाज आला: तड, तडतड, थांबून परत तड. म्यूट केलं, तरी आला. गेम बंद केला, थांबला. चार्जर काढून गेम लावला, आला नाही. दुरुस्तीवाल्याचंही इथपर्यंतचं निदान हेच होतं: चार्जर बदलूनही येतोय, म्हणजे मदरबोर्डचा वीज घेणारा भाग.

पण चार्जर काढल्यावर दोन गोष्टी बदलतात. भिंतीतली वीज जाते, आणि बॅटरीवर असताना असे लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाचा लगामही खेचतात. आवाज नेमका कशाने थांबला, हे ह्या चाचणीतून कळतच नाही. मी लॅपटॉप, चार्जर, भाचा, सगळं उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्याजवळच्या सॉकेटला लावलं. तोच गेम, तोच चार्जर. अर्धा तास. आवाज नाही. ताई शेजारी भाजी निवडत होती, ती म्हणाली, "इथे फोडणी माझी मी घालते."

परत खोलीत आलो. सुरळी कानाला लावली आणि लॅपटॉपवर न फिरवता टेबलाच्या खाली नेली. प्लायवुडच्या फळीला खालून एक्स्टेंशन बोर्ड स्क्रूने बसवलेला, बरोबर लॅपटॉपच्या खाली. तडतड तिथे होती आणि फळी ती वर पोचवत होती. दिवा घालवला. चार्जरच्या पिनपाशी, भोकाच्या आत, निळसर ठिणगी दिसली. टाचणीच्या डोक्याएवढी. बोर्ड भिंतीतून बंद करून पिन ओढली तर ती जवळजवळ हातातच आली. एक पिन टोकाला काळी, भोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक दुधाच्या खरपुडीसारखं तपकिरी, आणि जळका वास. साध्या वापरात लॅपटॉप कमी वीज ओढतो, ठिणगी पडायची नाही. गेम लागला की ओढ वाढायची आणि सैल पिन तडतडायची. म्हणून फक्त रात्री, अभ्यास संपल्यावर.

भोक सैल कशाने झालं? "ह्यात अजून काय लावता?" विचारलं तर दोघंही गप्प. मग ताई म्हणाली, रविवारी इस्त्री. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार अँपियरच्या आसपास ओढते, तासभर. स्वस्त बोर्डातल्या पातळ पितळी पट्ट्या तापून तापून ढिल्या पडल्या होत्या.

नवा बोर्ड आणला, आयएसआय शिक्क्याचा, आणि टेबलाखाली न लावता भिंतीवर लावला. जुना चार्जर पूर्ण शाबूत होता, फुकट बाद केलेला. पिन पॉलिश पेपरने घासून तो भाच्याच्या कॉलेजच्या बॅगेत गेला.

"मी तुला फोनवर सांगितलं होतं, मोहरी," ताई म्हणाली. नव्या बोर्डावर तिने स्केचपेनने लिहून कागद चिकटवलाय: "इस्त्री नाही."